यमूच्या टेबलावरची बाटली

भुताखेताची गोष्ट कुणी सांगायला लागला की मी त्याला पहिला प्रश्न विचारतो — त्या दिवशी जेवायला काय होतं? निम्म्या गोष्टी तिथंच आटोपतात. उरलेल्या निम्म्यांसाठी माझ्याकडे एरंडेल असतं.

हे थट्टेनं लिहीत नाही, माझा धंदाच तो आहे. सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्याला जोडून कंपाउंडरांचा वर्ग चालतो, तिथं मी औषधं बनवण्याचं शास्त्र शिकवतो. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल. वडिलांचं मंद्रूपच्या बाजारात काष्ठौषधींचं दुकान होतं. अंगात आलेली माणसं तिथंही यायची, नि वडील त्यांना हिंगाची पुडी देऊन 'हे घ्या, उतरंल' म्हणायचे. बहुतेकांचं उतरायचंही. पुढं मी मुंबईला शिकलो. म्हणजे भूत मला ना घरात भेटलं, ना कॉलेजात.

मग आपल्या मासिकाच्या या सदरात मी कशाला लुडबुडतोय? कारण माझ्या कपाटात एक बाटली आहे... आणि तिचं काय करावं हे मला आजवर उमगलेलं नाही.

यमू माझी धाकटी बहीण. बार्शीला दिली होती, चांगलं भुसाराचं दुकान होतं त्यांचं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा पटकीनं गेला. पोरबाळ नव्हतं. सासरची माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण त्या घरात ती चुलीपुढं बसली ती बसलीच. एकदा मी भेटायला गेलो तर माझ्याशी बोलताना तिची नजर सारखी जमिनीवर. ही तीच पोरगी, जी वडिलांच्या दुकानात डोळे मिटून नुसत्या वासावर ज्येष्ठमध नि अनंतमूळ वेगळं काढायची! मी तिला चार दिवसांसाठी म्हणून सोलापूरला आणली आणि परत धाडलीच नाही. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. घरात आई, मी आणि आता यमू.

मी घरी वर्गाची तयारी करत बसलो की ती शेजारी येऊन बसायची. आधी नुसती बघायची, मग विचारायला लागली, मग माझ्या चुका काढायला लागली. शेवटी मी दवाखान्याच्या कमिटीकडे तिचं नाव दिलं. बाईमाणूस वर्गात बसणार म्हणून पुष्कळ गहजब झाला. एक सभासद म्हणाले, "मास्तर, उद्या म्हशीही आणाल." मी म्हटलं, "आणीन की, पण त्यांना फी माफ करावी लागेल." त्यावर हशा झाला, आणि हशात काम होऊन गेलं. यमूला शेवटच्या रांगेतलं खिडकीजवळचं टेबल मिळालं.

तिच्या शेजारच्या टेबलावर इस्माईल. घरचा चादरींचा व्यापार सोडून आलेला, उंच, किडकिडीत, तोंडाचा वाचाळ. पहिले काही दिवस सगळे तरुण तिच्यापासून अंग चोरून असायचे. इस्माईलनंच तिला पहिल्यांदा 'ताई' म्हटलं, आणि मग ती सगळ्या वर्गाची ताई झाली.

आता थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. पण तेलाचं औषध रोग्याच्या घशाखाली उतरवायचं तर ते मिसळावं लागतं. त्यासाठी चिनीमातीच्या खलात तेल घ्यायचं, त्यात बाभळीच्या डिंकाची पूड घालायची, मोजलेलं पाणी एकदम ओतायचं आणि बत्ता एकाच दिशेनं, न थांबता फिरवायचा. जमलं तर थोड्या वेळानं खलातून चट-चट असा आवाज येतो नि दुधासारखं पांढरंशुभ्र औषध तयार होतं. याला इमल्शन म्हणतात. खल जराही ओला असला किंवा हात मधेच थांबला, तर ते फुटतं. तेल वर तरंगतं, आणि मग काही केल्या सांधत नाही. आणि चांगलं जमलेलं इमल्शनसुद्धा फार दिवस राहत नाही. वर साय धरते, बुरशी येते, शेवटी तेल वेगळं होतं. म्हणून तर बाटलीवर 'घेण्यापूर्वी हलवावे' असं लेबल लावतात.

यमूचा हात पहिल्यापासून चांगला. फक्त एक खोड होती. खलातलं काम झालं की ती बत्ता खलाच्या काठावर ठोकायची — टक्, टक्, टक्. वरणाची पळी पातेल्याच्या काठावर ठोकतात ना, अगदी तशी.

"यमे, हा चिनीमातीचा खल आहे, पातेलं नव्हे! टवका उडेल."

"सवय हाय रं दादा. हात ऐकत न्हाई."

तिचं ते टक्-टक् झालं की इस्माईल गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "चला, ताईंचं वरण झालं. पानं मांडा." मग वर्गात खसखस पिकायची. मी डोळे वटारायचो, पण ओठ आवळून धरावे लागत.

दुसरी खोड बूच बांधण्याची. बाटलीला बूच लावल्यावर त्यावर कागदाची टोपी बसवून दोरा बांधायचा असतो. माझ्या मुंबईच्या गुरूंनी शिकवलेली गाठ मी सगळ्यांना शिकवली. यमू मात्र आपलीच एक फिरकीची गाठ मारायची. कितीदा सांगितलं, ती हो हो म्हणायची नि तीच गाठ मारायची. मी नाद सोडला.

दिवाळीआधीच्या चाचणीत तिचं इमल्शन फुटलं. घाईत तिनं धुतलेला खल पदरानं पुसला आणि पदरच ओला होता. सगळ्यांदेखत तेल वर आलं. त्या रात्री ती घरी जेवली नाही. आई बोलवून दमली. मी जवळ जाऊन बसलो तेव्हा म्हणाली, "समद्यांच्या म्होरं फुटलं की रं दादा. परीक्षेत असंच झालं तर?"

परीक्षेची तिला एवढी धास्ती का, हे पुढच्याच रविवारी उघड झालं. बार्शीहून तिचे दीर आले. चहा झाला, पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या, मग म्हणाले, "वैनीला किती दिस ठिवनार? लोक नावं ठिवत्यात. आमच्या घरची बाई दवाखान्यात बाटल्या धुती म्हनत्यात."

मी काही बोलायच्या आत यमू सैपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. बार्शीला जमिनीकडे बघणारी ती बाई, आता सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"धूत न्हाय भावजी, भरते. परीक्षा हुदे माजी. पास झाले तर बायकांच्या दवाखान्यात जागा देनार हायत, मी हितंच ऱ्हाईन. नापास झाले तर तुमी म्हनाल तवा गुमान बार्शीला येते."

"शबुद देताय?"

"दिला की."

ते गेल्यावर मी तिच्यावर भडकलो. असली पैज कुणी लावतं का? ती भांडी आवरत म्हणाली, "दादा, तुझ्या जिवावर ऱ्हायचं न्हाय मला, आन त्येंच्याबी न्हाय. माज्या हातावर ऱ्हायचंय." पुढं माझं काही चाललं नाही. त्या दिवसापासून घरात रोज संध्याकाळी खलाचा आवाज. आई जपमाळ घेऊन बसायची नि मधूनच विचारायची, "जमलं का गं?" आतून टक्, टक्, टक् आलं की आई समजायची, जमलं.

होळी झाली आणि यमूला ताप भरला. आधी साधा वाटला, पण तो उतरेना. विषमज्वर. त्याला औषध नाही, फक्त शुश्रूषा... हे वाक्य मी वर्गात इतक्यांदा म्हटलंय! माझ्या मागं कपाटभर बाटल्या, प्रत्येकीचा गुणधर्म पाठ, नि त्यातली एकही माझ्या बहिणीच्या कामाची नाही. त्या दिवसांत मला माझ्या विद्येची अक्षरशः शिसारी आली.

शेवटी शेवटी ती भ्रमात असायची. उजवा हात गोधडीवर गोल गोल फिरत राहायचा, एकाच दिशेनं. थांबवला तर कासावीस व्हायची. मला ओळखत होती की नाही कोण जाणे, पण सारखं एकच विचारायची, "फुटलं न्हाय नव्हं, दादा?"

"नाही गं. दुधासारखं झालंय."

"बग नीट."

"बघितलं यमे. नाही फुटलं."

गिरणीचा सकाळचा भोंगा झाला. आईनं पाणी तापत ठेवलं होतं. त्या वेळी यमूचा हात थांबला... आणि माझी बहीण गेली.

दीर तेराव्याला आले होते. ओसरीवर बसून लहान पोरासारखे रडले. "न्यायला आलतो तवा दोन शबुद गोड बोलाय पायजे हुते," म्हणाले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. राग धरण्याइतकंही बळ माझ्यात उरलं नव्हतं.

तेराव्यानंतर काही दिवसांनीच परीक्षा आली. उमेदवारांची नावं आधीच वर गेली होती, त्यात यमूचंही होतं. आदल्या दिवशी शिपायानं जुन्याच क्रमानं टेबलं मांडली. खिडकीजवळच्या टेबलावरही खल, बत्ता, मोजलेलं एरंडेल, डिंकाची पूड, बाटली, बूच. ते उचल म्हणून सांगायला मी गेलो होतो, खरंच गेलो होतो... पण राहू दे, असं मनाशी म्हणून परत फिरलो.

वर्गाच्या मास्तरनं परीक्षेच्या वेळी आत थांबायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे. मी व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलो. पुण्याहून आलेले परीक्षक, एक वयस्क डॉक्टर, आत फिरत होते. चैत्रातली सोलापूरची दुपार, उन्हाची तिरीप नको म्हणून खिडक्या लोटून घेतलेल्या. दुपारच्या पाळीचा भोंगा वाजून थांबला, आणि मग आतले बत्ते ऐकू यायला लागले. ऐकून ऐकून माझे कान इतके तयार झालेत की कुणाचा हात घाईचा, कुणाचा जड, हे मला बाहेरूनही कळतं. हळूहळू चट-चट आवाज सुरू झाला. चला, जमतंय पोरांना, असं वाटून जरा बरं वाटलं.

आणि मग ते ऐकू आलं.

टक्, टक्, टक्.

मी खुर्चीवरून उठलोच. पहिल्यांदा आला तो संताप. इस्माईलनं केलं असणार, आणि ही काय चेष्टेची वेळ? मग वाटलं, चेष्टा कसली, आठवण आली असेल पोराला. मी भिंतीकडे तोंड करून रडलो. आत कुणी हसलं नव्हतं. कुणी 'वरण झालं' म्हणालं नव्हतं.

वेळ संपल्यावर परीक्षकांनी मला आत बोलावलं. पोरं बाहेर गेली होती. ते शेवटच्या रांगेत, खिडकीजवळच्या टेबलापाशी उभे होते.

"मास्तर, इमल्शन म्हणजे हे," ते बाटली उजेडात धरून म्हणाले. "इतक्या वर्षांत इतकं एकजीव फार थोड्या वेळा पाहिलंय. या टेबलावरची उमेदवार कुठं गेली? सही राहिली आहे तिची."

मी टेबलाकडे पाहिलं. तेलाचं माप रिकामं. डिंकाचा कागद रिकामा. खल धुऊन, कोरडा करून पालथा घातलेला. आणि बाटलीच्या बुचावर कागदाची टोपी, तिच्यावर ती फिरकीची गाठ.

"ती... ती वारली, डॉक्टर. परीक्षेच्या आधीच. माझी बहीण होती."

बाटली हळूच खाली ठेवून ते म्हणाले, "मुलांनी मायेपोटी केलं असेल. मी चौकशी करणार नाही." जरा थांबून, आपल्याशीच बोलल्यासारखं पुढं म्हणाले, "या कोपऱ्यात अंधार होता. इथं कुणी नाही असं मात्र मला एकदाही वाटलं नाही."

मीही तेच धरून बसलो, मुलांनी केलं असेल. प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारलं. प्रत्येकाचं आपापलं इमल्शन टेबलावर होतं, आपापलं तेल संपलेलं. त्या वेळात एकट्यानं दोन करणं मला स्वतःलाही जमलं नसतं. आणि ती गाठ त्यांतल्या कुणालाही येत नाही. मी सगळ्यांकडून बांधवून पाहिली.

इस्माईल व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसलो. खांद्यावर हात ठेवताच त्याचा बांध फुटला.

"सर, मेरे कू यादइच नै रहा," तो म्हणाला. "ताई अब नै हैं करके, यादइच नै रहा."

मग रडत रडत त्यानं मराठीत सांगितलं. दोऱ्याचं रीळ त्या दोघांत एकच असायचं. त्याची गाठ बांधून झाली की तो न बघताच रीळ तिच्याकडे सरकवायचा, तिची झाली की ती परत सरकवायची. वर्षभर असंच. "आजबी तसंच सरकवलं, सर. न बघता. माझी टोपी सैल झाली म्हणून परत दोरा पाहिजे होता, तर मी हात केला... आणि रीळ आलं."

"आलं म्हणजे?"

"आलं, सर. रोज येतं तसं. मी घेतलं, दोरा तोडला, आणि 'ताई, झालं का?' म्हणून तिकडं बघितलं. तवा आठवलं."

इस्माईल पास झाला. सगळाच वर्ग पास झाला. यमूच्या नावापुढं 'गैरहजर' असं आलं.

ती बाटली मी परीक्षेच्या संध्याकाळीच घरी आणली होती. आईला काही सांगायचं नाही असं ठरवून आणली आणि कोनाड्यात मागं ठेवली. पण आईच ती! दिवा लावायला गेली नि बाटली हातात घेऊन आली. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिनं लेबलाकडे पाहिलंच नाही. बुचावरच्या गाठीवरून बोट फिरवत राहिली.

"ही माजी गाठ हाय," ती म्हणाली. "लोनच्याच्या बरनीची. यमी एवढीशी हुती तवा शिकिवली मी तिला. तू कुटनं आनलीस ही?"

मग मला सगळं सांगावं लागलं. आई ऐकत होती. तिनं एकदाही 'अगं बाई' म्हटलं नाही, घाबरली नाही. सगळं ऐकून झाल्यावर विचारलं, "मोठ्या डाक्टरला आवडलं?"

"फार आवडलं, आई. असं क्वचित बघितलंय म्हणाले."

"मग आता तरी पास करा की रं माज्या पोरीला."

निकाल अजून लागायचा होता, पण काय लागणार हे मला ठाऊक होतं. "तसं नाही करता येत, आई. ते तिला गैरहजर लिहिणार."

"गैरहजर?" आईनं बाटली माझ्यापुढं धरली. "मग हे कुनी केलं?"

तर्क सगळे करून पाहिले. दुःखानं कान भ्रमले म्हणावं, तर बाटली हाताला लागते. पोरांनी केलं म्हणावं, तर ती गाठ आईखेरीज कुणाला येत नाही. आई घराबाहेर पडली नव्हती. मी स्वतःच भानावर नसताना केलं म्हणावं, तर परीक्षा सुरू झाल्यापासून दवाखान्यातल्या निम्म्या माणसांनी मला व्हरांड्यात पाहिलंय.

आणि तेही सोडा. ती गोष्ट होऊन आता कैक वर्षं झाली. आईही गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. दर वर्षी नव्या वर्गाला मी फळ्यापुढं उभा राहून सांगतो, कितीही कुशल हात असो, इमल्शन कायमचं टिकत नाही, तेल शेवटी वेगळं होतंच. अगदी खरं आहे ते, शास्त्र आहे. मग घरी येतो नि कपाट उघडतो. बाटलीत साय नाही, बुरशी नाही, तेलाचा टिपूस वर आलेला नाही. परीक्षकांनी उजेडात धरली होती तशीच्या तशी पांढरीशुभ्र.

रसायनशास्त्रातले एक मित्र म्हणाले, उघडा, तपासून देतो. मी त्यांना दिली नाही. ती गाठ मी सोडलेली नाही आणि कुणाला सोडू देणार नाही. बाटलीवर 'घेण्यापूर्वी हलवावे' असं लेबल आहे, पण मी ती कधी हलवलीही नाही. उचलतो तीसुद्धा दोन्ही हातांनी.

वाचकांपैकी कुणाला याचा उलगडा झाला तर मला कळवू नये. कारण दर वर्षी परीक्षेच्या दिवशी, मुलं शाळेत गेली नि घर शांत झालं की मी ती बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरतो. कुणी काही विचारत नाही. तरी मी मोठ्यानं सांगतो.

"नाही फुटलं, यमे. बघितलं नीट. अजून नाही फुटलं."